पडद्यातले छिद्र शोधणारा डॉक्टर : झ्यूल गोनँ

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख द्या असा मंडळाचा निरोप येतो आणि दरवर्षी मी कामाचे कारण सांगून सुटका करून घेतो. या वर्षी मात्र आपणहून लिहायला बसलो. त्याचे कारण माझी आत्या.

आत्या इथेच इंदूरला, आमच्या जुन्या घरी राहते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती बसले होते, महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या होत्या. आत्याला उजव्या डोळ्यासमोर अधूनमधून वीज चमकल्यासारखे दिसू लागले. मग काजळीचे कण उडावेत तसे काळे ठिपके तरंगू लागले. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, पाणीही येत नव्हते. दगदगीने होत असेल असे समजून तिने कोणाला काही सांगितले नाही. सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक, सवाष्णीची ओटी, सगळे तिने उभे राहून पार पाडले. महालक्ष्म्यांचे विसर्जन झाले त्या दिवशी तिला खालून नाकाच्या बाजूने एक सावली वर चढताना दिसली. तरी घरातला गणपती जाऊ दे म्हणून ती थांबली. अनंत चतुर्दशीनंतर आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा कळले की डोळ्याचा पडदा सुटला आहे. शस्त्रक्रिया झाली, पडदा जागेवर बसला. पण पडद्याचा मधला भाग बरेच दिवस सुटलेला राहिल्यामुळे त्या डोळ्याने आता तिला पोथी वाचता येत नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर डोळ्याचे चित्र काढून मला सगळे समजावले. बोलता बोलता ते सांगून गेले की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असा रोगी आला असता तर जगातल्या कोणत्याही डॉक्टरला त्याच्यासाठी फारसे काही करता आले नसते, आणि हे चित्र बदलले ते स्वित्झर्लंडच्या एका डॉक्टरने. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, लोकनिर्माण विभागात उपयंत्री. निम्मी नोकरी सरकारी इमारतींची गळती शोधण्यात गेली आहे. त्यामुळे त्या स्विस डॉक्टरने नेमके काय केले हे ऐकल्यावर ते माझ्या मनात घर करून बसले. मिळेल तिथून त्यांच्याविषयी वाचत गेलो. नेत्रवैद्यांच्या जगात हे नाव फार मोठे आहे, पण आपल्या लोकांना ते सहसा माहीत नसते. म्हणून हा लेख.

पडदा म्हणजे काय आणि तो सुटतो म्हणजे काय

आधी थोडे डोळ्याविषयी सांगायला हवे, नाहीतर पुढची गोष्ट समजणार नाही.

आपला डोळा साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा गोळा आहे. त्याच्या आतल्या मागच्या भिंतीला एक अतिशय पातळ अस्तर असते. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. यालाच रेटिना किंवा दृष्टिपटल म्हणतात आणि बोलीत आपण नुसते पडदा म्हणतो. बाहेरच्या जगाचे चित्र याच पडद्यावर उमटते आणि नसेतून मेंदूकडे जाते. पडद्याच्या मागे रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो. पडद्याच्या बाहेरच्या भागाला प्राणवायू आणि पोषण त्या थरातून मिळते. डोळ्याच्या मधल्या पोकळीत अंड्याच्या पांढऱ्यासारखा दाट, पारदर्शक पदार्थ असतो. त्याला व्हिट्रियस म्हणतात.

तरुणपणी हा दाट पदार्थ पडद्याला लागून, घट्ट भरलेला असतो. वय वाढते तसा तो पातळ होत जातो, आकसतो आणि पडद्यापासून सुटू लागतो. बहुतेक माणसांत हे काही न बिघडता होऊन जाते. पण काहींच्या डोळ्यात तो एखाद्या जागी पडद्याला घट्ट चिकटलेला असतो. आकसताना तो पडद्याला ओढतो. ही ओढ बसते तेव्हा डोळ्यासमोर वीज चमकल्याचा भास होतो. ओढ जास्त झाली तर पडदा त्या जागी फाटतो, बारीकसे भोक पडते. त्या भोकातून पातळ झालेले पाणी पडद्याच्या मागे शिरते आणि ओल धरलेल्या भिंतीचे प्लॅस्टर सुटावे तसा पडदा मागच्या थरापासून सुटत जातो. सुटलेल्या भागाला पोषण मिळत नाही. तो भाग पाहणे बंद करतो आणि माणसाला त्या बाजूला सावली किंवा काळा पडदा दिसतो. पडद्यात दुखण्याच्या संवेदना नसल्यामुळे हे सगळे न दुखता होते.

आज हे इतक्या सरळपणे सांगता येते. पण या साखळीतली कोणती कडी आधीची आणि कोणती नंतरची, हेच शंभर वर्षांपूर्वी कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते. पडदा सुटतो म्हणून फाटतो की फाटतो म्हणून सुटतो, हा त्या काळचा प्रश्न होता.

लोझानचा विद्यार्थी

झ्यूल गोनँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८७० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात झाला. जिनिव्हा सरोवराच्या काठी, उतारावर वसलेले हे फ्रेंच बोलणारे शहर. गोनँ तिथेच वाढले, तिथेच शिकले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. लोझानच्या जुन्या विद्यापीठाला १८९० मध्ये नवे रूप मिळाले आणि तिथे वैद्यकीय शाखा सुरू झाली. गोनँ त्या सुरुवातीच्या काळातले विद्यार्थी.

लोझानमध्ये १८४३ पासून एक संस्था होती. तिच्या नावाचा अर्थ अंधांचा आश्रय असा होतो. एकाच संस्थेत डोळ्यांचे रुग्णालयही होते आणि ज्यांची दृष्टी परत येणार नव्हती त्यांच्यासाठी शाळा आणि कामाची सोयही होती. ज्यांना बरे करता आले ते घरी जात. ज्यांना नाही करता आले, ते काय करतात हे डॉक्टरांना रोज डोळ्यांसमोर दिसत असे. या रुग्णालयाचे प्रमुख होते मार्क द्युफूर, युरोपभर मान असलेले नेत्रवैद्य. गोनँ त्यांचे सहायक झाले.

द्युफूर यांनी आपल्या या शिष्याला एक काम दिले. त्या वेळी फ्रेंच भाषेत नेत्रविज्ञानाचा मोठा ज्ञानकोश तयार होत होता आणि त्यातल्या पडद्याच्या रोगांवरच्या भागाची जबाबदारी द्युफूर यांच्याकडे होती. त्यांनी गोनँ यांना बरोबर घेतले. गुरूने दिलेल्या या कामाच्या निमित्ताने गोनँ यांनी पडदा सुटण्याविषयी तोवर लिहिलेले सगळे वाचून काढले. आणि त्यांच्या लक्षात आले की या रोगाविषयी मते पुष्कळ आहेत, पण पुरावा फार थोडा आहे.

तोवर काय चालले होते

डोळ्याच्या आत पाहणेच मुळात १८५१ पर्यंत शक्य नव्हते. त्या वर्षी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप हे छोटेसे उपकरण जगासमोर आणले आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पहिल्यांदा दिसू लागला. दोनच वर्षांनी कोक्सियस यांनी सुटलेल्या पडद्यात एक फाट पाहिली आणि तिचे वर्णन केले. म्हणजे फाट दिसली होती. पण तिचा अर्थ लागला नव्हता.

कोणी म्हणत होते, मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून पाणी झिरपते आणि ते पडद्याला पुढे ढकलते, फाट नंतर पडते. कोणी म्हणत होते, डोळ्यातला दाब कमी झाल्याने पडदा सुटतो. लेबर या जर्मन नेत्रवैद्यांनी १८८२ मध्ये दाट पदार्थाची ओढ आणि फाट यांना महत्त्व दिले होते. पण पुष्कळ रोग्यांत शोधूनही फाट सापडत नव्हती. त्यामुळे ते मत मागे पडले.

कारण ठाऊक नसल्यामुळे उपचारही अंदाजाचे होते. रोग्याला आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने अंथरुणावर उताणे झोपवून ठेवत. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधत. घाम काढण्याची औषधे देत, मीठ बंद करत. काही डॉक्टर सुईने मागचे पाणी काढून टाकत. पाणी काढले की पडदा थोडा मागे बसे आणि काही दिवसांत पुन्हा सुटे. आमच्या भाषेत सांगायचे तर छताला भेग तशीच ठेवून खाली साचलेले पाणी बादलीने काढण्याचा हा प्रकार होता.

अमेरिकेतले डॉ. व्हेल यांनी १९१२ मध्ये आपल्या देशातल्या नेत्रवैद्यांकडे या उपचारांविषयी विचारणा केली. आलेल्या उत्तरांतून निघालेला निष्कर्ष असा की यश हजारात एखाद्याला मिळते. म्हणजे डॉक्टरांनी काही केले काय आणि न केले काय, सारखेच. पडदा सुटला की तो डोळा गेला असेच धरून चालत. आणि ज्याचा एक पडदा सुटला त्याला दुसऱ्या डोळ्याची धास्ती आयुष्यभर असे.

सापडत नाही म्हणजे नाही असे नव्हे

गोनँ यांनी दोन मार्गांनी शोध सुरू केला. एक म्हणजे पडदा सुटून निकामी झालेले जे डोळे काढावे लागले किंवा मृत्यूनंतर तपासायला मिळाले, त्यांचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. दुसरा म्हणजे जिवंत रोग्याच्या डोळ्यात फार वेळ, फार बारकाईने पाहणे.

कापांमध्ये त्यांना दाट पदार्थाचे धागे पडद्याला चिकटून त्याला ओढत असलेले दिसले. जिथे ओढ तिथे फाट. रोग्यांच्या डोळ्यातही त्यांना फाटा सापडू लागल्या. त्या बहुधा पडद्याच्या कडेला, बुबुळाच्या बाजूला असत. तिथवर नजर पोचवणे अवघड असते. रोग्याला वर, खाली, तिरके पाहायला सांगून, बाहुली औषधाने मोठी करून, पुन्हा पुन्हा पाहावे लागते. सुटलेला पडदा घड्या पडून हलत असतो. त्या घडीत फाट लपते. घाईने पाहणाऱ्याला ती दिसत नाही आणि मग तो फाट नाही अशी नोंद करतो.

१९०४ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष एका फ्रेंच नेत्रविज्ञान नियतकालिकात मांडला. आपोआप पडदा सुटण्याचे मूळ कारण दाट पदार्थाची ओढ आणि त्यामुळे पडणारी फाट हे आहे. फाट हा रोगाचा परिणाम नाही, ती रोगाची सुरुवात आहे. तेव्हा त्यांचे वय तेहतीस-चौतीस वर्षांचे होते.

या लेखाने काही खळबळ झाली नाही. एका लहान शहरातल्या तरुण सहायकाचे मत म्हणून ते बाजूला पडले. गोनँ यांनी वाद घालण्यात वेळ घालवला नाही. ते रोगी तपासत राहिले. कारण बरोबर असेल तर त्यातून उपचार निघाला पाहिजे, एवढे त्यांना स्पष्ट होते. फाट हे कारण असेल तर फाट बंद केल्यावर पडदा बसायला हवा. पण तो उपचार हाती यायला पुढे पंधराएक वर्षे जायची होती.

आगीचा एक टाका

फाट बंद करायची कशी? ती डोळ्याच्या आत, अर्ध्या मिलिमीटरहून पातळ अस्तरात. त्या काळात डोळ्याच्या आत जाऊन काम करण्याची सोय नव्हती. बाहेरूनच, डोळ्याच्या पांढऱ्या कवचातून, न दिसणाऱ्या फाटेवर नेमके जायचे होते.

गोनँ यांनी त्यासाठी मोजमापाची पद्धत बसवली. आधी ऑफ्थॅल्मोस्कोपने फाट शोधायची आणि तिचे चित्र काढायचे. घड्याळाच्या तबकडीवर काटा दाखवावा तशी ती कोणत्या दिशेला आहे ते ठरवायचे. मग ती पडद्याच्या कडेपासून किती आत आहे ते मोजायचे. मोजायला पट्टी कोणती? तर डोळ्यातली नस जिथून बाहेर पडते त्या गोल चकतीचा व्यास. तो साधारण दीड मिलिमीटर असतो. पडद्याची कड बाहेरून बुबुळाच्या कडेपासून साधारण आठ मिलिमीटरवर येते. या दोन आकड्यांवरून बाहेर कुठे खूण करायची त्याचा हिशेब होई. माझ्यासारख्या साखळी आणि टेपने जमीन मोजणाऱ्या माणसाला ही पद्धत वाचून फार आपलीशी वाटली. आतले दिसणारे आणि बाहेरचे मोजता येणारे यांची सांगड घालायची, एवढाच तो हिशेब. पण चूक एक-दोन मिलिमीटरची झाली तरी शस्त्रक्रिया वाया.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सुमारास, गोनँ ही शस्त्रक्रिया करू लागले होते आणि तिचे निकाल मांडू लागले होते. डोळा बधिर करून खुणेच्या जागी पांढऱ्या कवचाला बारीक छेद द्यायचा. त्यातून पडद्यामागचे पाणी बाहेर येई आणि पडदा मागे भिंतीजवळ येई. मग त्याच छेदातून तापलेल्या डागणीचे टोक आत घालून दोन-तीन सेकंदांत बाहेर काढायचे. आगीने टोचणे, असाच या पद्धतीच्या नावाचा अर्थ आहे. त्या चटक्याने फाटेच्या कडा आणि मागचा थर यांची जखम होते. जखम भरताना व्रण तयार होतो आणि त्या व्रणाने फाट भिंतीला चिकटून बंद होते.

फाट बंद झाली की उरलेले पाणी काढण्याची गरज पडत नाही. पडद्याच्या मागच्या पेशी सतत पाणी शोषून मागे टाकत असतात. निरोगी डोळ्यात हेच पंप पडद्याला भिंतीशी धरून ठेवतात. फाटेतून येणारे पाणी त्यांच्या ताकदीपेक्षा जास्त असते म्हणून ते हरतात. फाट बंद केली की तेच पंप राहिलेले पाणी शोषून घेतात आणि पडदा आपोआप बसतो. पाया खोदताना झरा बंद केल्याशिवाय कितीही पाणी उपसले तरी खड्डा कोरडा होत नाही आणि झरा बंद झाला की साधा पंप पुरतो, हे आमच्या खात्यात कोणीही सांगेल.

हळूहळू गोनँ यांच्या हाती पुरावा जमा झाला. फाट नेमकी बंद झाली की पडदा बसे. फाट चुकली, किंवा दोन फाटांपैकी एक नजरेतून सुटली, की पडदा पुन्हा सुटे. कारण कोणते आणि परिणाम कोणता या जुन्या वादाचे उत्तर यातच होते. रोगी ताजा असेल तेव्हा यश जास्त मिळे आणि दिवस गेले की कमी, हेही त्यांच्या ध्यानात आले. पडदा सुटलेल्या माणसाला महिनोन्महिने झोपवून ठेवण्याऐवजी लगेच तपासून लगेच शस्त्रक्रिया करा, हे त्यांचे म्हणणे त्या काळच्या रिवाजाच्या अगदी उलटे होते.

पंचवीस वर्षांनी

याच सुमारास गोनँ लोझान विद्यापीठात नेत्रविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि गुरूचे रुग्णालय त्यांच्याकडे आले. पण बाहेरचे जग अजून पटवून घ्यायला तयार नव्हते. नाजूक डोळ्यात तापलेले लोखंड घालणे पुष्कळांना अघोरी वाटले. काहींनी ही शस्त्रक्रिया करून पाहिली आणि अपयश आल्यावर पद्धतच चुकीची ठरवली. त्यांच्यातल्या अनेकांनी फाट नीट शोधलीच नव्हती. अंदाजाने एक-दोन ठिकाणी डागून ते मोकळे झाले होते. डागणी प्रत्येकाकडे होती. तासन्‌तास फाट शोधत बसण्याची तयारी फार थोड्यांकडे होती. खरा उपचार डागणीत नसून शोधण्यात आहे, ही गोनँ यांची मुख्य शिकवण होती आणि तीच पटायला सर्वांत जास्त वेळ लागला.

१९२९ मध्ये आम्स्टरडॅमला नेत्रवैद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. गोनँ तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. १९०४ च्या लेखाला पंचवीस वर्षे झाली होती. या परिषदेत त्यांनी आपले काम मांडले. आणि या वेळी ते एकटे नव्हते. बार्सिलोनाचे आरूगा, हॉलंडचे वेव्ह आणि त्यांचा स्वतःचा शिष्य मार्क आम्सलर यांनी त्यांच्या पद्धतीने केलेल्या शस्त्रक्रियांचे अनुभव सांगितले. वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या हातांना यश येत आहे म्हटल्यावर शंकेला जागा राहिली नाही. जिथे हजारात एक डोळा वाचत होता तिथे जवळपास निम्मे वाचू लागले होते.

त्यानंतर लोझानची वाट रुळली. निरनिराळ्या देशांतून रोगी येऊ लागले आणि रोग्यांबरोबर डॉक्टरही, शिकण्यासाठी. गोनँ यांच्याजवळ लपवण्यासारखे काही नव्हते. कसे पाहायचे, कसे मोजायचे, कुठे चूक होते, हे ते येणाऱ्याला दाखवत.

१९३४ मध्ये त्यांनी पडदा सुटण्याची कारणे आणि उपचार यांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तीस वर्षांच्या कामाचा तो हिशेब होता. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी लोझानमध्येच त्यांचे निधन झाले. जगाने दखल घेतल्यानंतर त्यांना जेमतेम सहा वर्षे मिळाली.

गोनँ यांच्यानंतर

त्यांची डागणी फार काळ टिकली नाही आणि यात त्यांचा काही कमीपणा नाही. त्यांच्या हयातीतच वेव्ह आणि इतरांनी विजेच्या उष्णतेचा वापर सुरू केला. ती जास्त सौम्य होती. पुढे मेयर-श्विकेराथ यांनी प्रकाशाच्या झोताने डाग देण्याची पद्धत काढली आणि तिच्यातून आजचा लेसर आला. अतिथंड टोकाने गोठवूनही व्रण तयार करता येतो, तो क्रायो. कस्टोडिस आणि शेपेन्स यांनी डोळ्याच्या बाहेरून पट्टी किंवा तुकडा बसवून भिंतच फाटेजवळ आणण्याची रीत रूढ केली. शेपेन्स यांनी दोन्ही डोळ्यांनी पाहायचे, डोक्याला बांधायचे तपासणीचे उपकरण प्रचारात आणले. त्यामुळे पडद्याची कड पाहणे सोपे झाले. १९७० च्या सुमारास माखेमर यांनी डोळ्याच्या आत बारीक उपकरणे घालून दाट पदार्थच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे व्हिट्रेक्टॉमी, सुरू केली. आत वायू किंवा सिलिकॉन तेल भरून पडदा दाबून धरतात. आत्याच्या डोळ्यात वायू भरला होता, म्हणून तिला कित्येक दिवस मान खाली घालून बसावे लागले. आज दहापैकी आठ-नऊ पडदे जागेवर बसतात.

साधने सगळी बदलली. पण यातल्या प्रत्येक पद्धतीत डॉक्टर आजही तेच करतो. प्रत्येक फाट शोधायची, ती बंद करायची, ओढ कमी करायची. हे तत्त्व लोझानचे.

त्यांच्या नावाने दिले जाणारे गोनँ पदक नेत्रविज्ञानातला फार मोठा सन्मान मानला जातो. पहिले पदक १९४१ मध्ये स्विस नेत्रवैद्य आल्फ्रेड फोग्ट यांना मिळाले. पडद्याच्या रोगांवर काम करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांचा एक संघ त्यांच्या नावाने आहे. अंधांच्या आश्रयातल्या त्या रुग्णालयाला आज त्यांचे नाव आहे आणि शहरातल्या एका रस्त्यालाही. त्यांचे शिष्य आम्सलर यांच्या नावाचा चौकटींचा तक्ता तर आपल्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. चौकटीच्या रेषा वाकड्या दिसतात का ते एकेक डोळा झाकून पाहायला सांगतात, तोच तो.

आपल्यासाठी

गोनँ यांचे चरित्र वाचून संपल्यावर मला आत्याचे ते आठ-दहा दिवस आठवत राहिले. ज्या माणसाने फाट शोधायला आयुष्य घातले त्याच्या ज्ञानाचा उपयोग व्हायला आपण वेळेवर पोचायला तर हवे. म्हणून डॉक्टरांकडून समजलेल्या चार गोष्टी इथे लिहून ठेवतो.

अचानक वीज चमकल्यासारखे दिसणे, अचानक पुष्कळ काळे ठिपके किंवा जाळे तरंगणे आणि एका बाजूने सावली किंवा पडदा येणे, ही तीन लक्षणे आहेत. त्यातले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. दुखत नाही म्हणून थांबू नये. नुसती फाट असताना गेलो तर बहुधा लेसरवर भागते. पडदा सुटला पण मधला भाग अजून चिकटलेला असेल तर दृष्टी चांगली वाचते. मधला भाग सुटल्यावर मात्र जातो तो प्रत्येक दिवस महाग पडतो.

ज्यांचा मायनस नंबर मोठा आहे, ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांच्या डोळ्याला मार लागला आहे, ज्यांच्या घरात कोणाचा पडदा सुटला आहे किंवा ज्यांच्या दुसऱ्या डोळ्याचा सुटला होता, त्यांना धोका जास्त असतो. मधुमेहाच्या रोग्यांचा पडदा वेगळ्या कारणाने, आत वाढलेल्या नव्या रक्तवाहिन्यांच्या आणि व्रणांच्या ओढीने सुटू शकतो. त्यांनी काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. नेहमीच्या चष्म्याच्या नंबरच्या तपासणीत पडदा पाहिलेला नसतो, हेही लक्षात असू द्यावे.

सणासुदीत घरातल्या बाया स्वतःचे दुखणे मागे टाकतात. आणि जे दुखतच नाही ते तर सांगायचेही राहून जाते. या वर्षी महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला आत्या आहेच. तिच्याकडून फक्त पुरण वाटून घ्यायचे नाही, तिला डोळ्यांचेही विचारायचे, असे आम्ही घरात ठरवले आहे. आपल्याही घरी एकदा विचारून पाहा.

गणपती बाप्पा मोरया!